त्रिकोणाचे तीन कोपरे

एका गावी दोन भाऊ होते. थोरला आणि धाकटा. वडील गेल्यावर दोघांनी विहिरीजवळचं रान कसण्यापुरतं वाटून घेतलं. सातबाऱ्यावर दोघांची नावं तशीच राहिली. कोर्टकचेरी झाली नाही. पंच बसले नाहीत. दोघांनी मिळून दोरी धरली आणि मोजलं.

रानाच्या मधोमध १४० फूट लांबीचा बांध घातला. बांधाच्या वरच्या अंगाला थोरल्याचा तुकडा, खालच्या अंगाला धाकट्याचा. थोरल्याच्या तुकड्याचे दोन बांध १४० फुटांचे आणि दोन १३० फुटांचे भरले. धाकट्याच्या तुकड्याचेही दोन बांध १४० फुटांचे आणि दोन १३० फुटांचेच. तसूभर फरक नाही.

खालच्या तुकड्याच्या एका बाजूला ओढा आहे. तो तिरका वाहतो. दुसऱ्या बाजूला गाडीवाट आहे. तीही ओढ्याच्याच अंगानं तिरकी गेलेली. त्यामुळं तो तुकडा जरा कलल्यासारखा दिसतो. पण तिकडं कुणी लक्ष दिलं नाही. चारी बांध सारखे, मग वाटण्या सारख्या. दोघांनी विहिरीला नारळ वाढवला आणि कामाला लागले.

पुढं ऊस लावायचा ठरला. मधल्या बांधाला धरून, अडीच-अडीच फुटांवर दोघांनी सऱ्या सोडल्या. लागणीच्या दिवशी धाकट्याची बायको बेणं टाकत होती. टाकता टाकता तिनं सऱ्या मोजल्या. ४८ भरल्या. मग ती बांधावर उभी राहिली आणि थोरल्याच्या सऱ्या मोजल्या. त्या ५२ होत्या.

संध्याकाळी धाकटा थोरल्याकडं गेला.

“दादा, तुझ्याकडं चार सऱ्या जास्त निघाल्या.”

“सऱ्या जवळ सोडल्या असतील.”

“दोरी लावून सोडल्यात. अडीच फूट.”

“मग मी काय चोरल्या व्हय? दोरीचं एक टोक तुझ्याच हातात होतं!”

“मी चोरलं म्हणत नाही, दादा. पण जमीन गेली कुठं?”

त्या दिवसापासून दोन्ही जावांचं बोलणं तुटलं. विहिरीच्या पाळीवरून कुरबुर सुरू झाली. थोरल्यानं चोरी केली नव्हती. धाकट्यानं मोजताना चूक केली नव्हती. आणि तरी चार सऱ्या कमी होत्या.

आम्ही वर्गात ही गोष्ट सांगतो तेव्हा कुणीतरी हमखास म्हणतं, “ओढ्यानं खाल्ली असंल.” ओढा जमीन खातो हे खरं. पण इथं ओढ्याचा दोष नाही. चार सऱ्या कोपऱ्यांत हरवल्या आहेत. त्या शोधायच्या तर कोपऱ्याचा हिशेब आला पाहिजे. तो आज शिकू.

चौकट कलते

चार तुराट्या घ्या. दोन १४ बोटं लांबीच्या आणि दोन १३ बोटं लांबीच्या. समोरासमोरच्या सारख्या ठेवून चारी कोपरे दोऱ्यानं बांधा. झाली चौकट. ती सरळ धरा. आता वरच्या तुराटीला हळूच एका बाजूला ढकला.

चौकट कलली. तुराट्या तेवढ्याच आहेत. एकही लांब झाली नाही, एकही तुटली नाही. पण आतली जागा कमी झाली. आणखी ढकला. आणखी कमी झाली. पार जमिनीला टेकवा. चारी तुराट्या एकमेकींवर पडल्या. आत मुंगी शिरायलाही जागा नाही.

म्हणजे चार बाजूंची लांबी कळली तरी आतली जागा कळत नाही. हे नीट ध्यानात घ्या.

आता तीन तुराट्या घ्या. १३, १४ आणि १५ बोटांच्या. टोकाला टोक बांधा. हा झाला त्रिकोण. ढकलून पाहा. हलत नाही. जोर लावला तर तुराटी मोडेल, पण त्रिकोण कलणार नाही. तीन बाजू ठरल्या की तीन कोपरेही ठरले.

सुताराला हे फार जुन्या काळापासून ठाऊक आहे. गोठ्याचं दार करताना तो चौकटीत एक तिरकी पट्टी ठोकतो. ती शोभेसाठी नसते. तिच्यामुळं चौकटीचे दोन त्रिकोण होतात आणि दार लोंबत नाही. छपराची कैची तिकोनी असते तीही याचसाठी.

भाकरीचा चतकोर

कोपऱ्याला पुस्तकात ‘कोन’ म्हणतात. कोन मोजायचा कसा? भाकरी घेऊ.

भाकरीचे मधून दोन तुकडे करा. अर्धी भाकरी झाली. तिची कापलेली कड सरळ आहे. त्या अर्धीचे पुन्हा दोन सारखे तुकडे करा. हा झाला चतकोर. भाकरीच्या मध्याशी चतकोराचं जे टोक आहे, तो कोपरा पाहा. पाटीचा कोपरा, दाराचा कोपरा, वहीचा कोपरा असाच असतो. याला काटकोन म्हणतात. चतकोर पुन्हा निम्मा केला की नितकोर. त्याचं टोक काटकोनाच्या निम्मं.

एक गोष्ट पाहा. भाकरी मोठी थापा नाहीतर लहान थापा. मोठ्या भाकरीचा चतकोर जास्त पोट भरील. पण टोकाचा कोपरा दोन्हींचा सारखाच. लहान चतकोर मोठ्या चतकोरावर ठेवला तर टोकाला टोक आणि कडेला कड बसते. कोन म्हणजे दोन कडांमधली फाक. कडा किती लांब आहेत याच्याशी त्याचा संबंध नाही.

कोन मोजायला ‘अंश’ हे माप आहे. आख्ख्या भाकरीचे ३६० अंश मानतात. मग अर्धीचे १८०, चतकोराचे ९०, नितकोराचे ४५. घड्याळात तीन वाजले की काट्यांमध्ये ९० अंश असतात. एक वाजला की ३०.

तिन्ही मिळून अर्धी

आता आमचं ऐकून मानू नका. स्वतः करा.

जुन्या वर्तमानपत्राचा एक त्रिकोण कापा. कसाही कापा. उंच, बुटका, वाकडातिकडा, तुमच्या मनाला येईल तसा. तिन्ही कोपऱ्यांवर पेनानं ठिपके द्या. मग तिन्ही कोपरे हातानं टरकावा. ते तीन तुकडे जमिनीवर असे मांडा, की तिन्ही ठिपके एका जागी येतील आणि तुकडे एकमेकांना खेटून बसतील.

खालची कड पाहा. सरळ रेघ आली की नाही? तीन कोपरे मिळून अर्धी भाकरी झाली.

शेजाऱ्यानं वेगळा त्रिकोण कापला असेल. त्याचीही अर्धीच होईल. पोरानं हाताएवढा कापला, बापानं घोंगडीएवढा कापला, तरी अर्धीच. कमी नाही, जास्त नाही. त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज १८० अंश. एक कोपरा वाढला तर बाकीच्यांना तेवढं कमी व्हावं लागतं. एका ताटातली अर्धी भाकरी तिघांत वाटायची आहे, असं समजा.

असं का होतं? वीस त्रिकोण टरकावले म्हणून एकविसावाही तसाच निघेल, हे कशावरून? शंका रास्त आहे. वर्गात ती एका म्हाताऱ्या बाबांनी काढली होती. उत्तर रानात आहे.

त्रिकोणाचा पाया म्हणजे नांगराचं एक तास समजा. वरचा कोपरा पलीकडच्या तासाला टेकला आहे. दोन्ही तासं समांतर आहेत, म्हणजे ती कुठंच एकमेकांजवळ येत नाहीत की लांब जात नाहीत. आता त्रिकोणाची डावी बाजू म्हणजे खालच्या तासातून वरच्या तासाकडं गेलेली तिरकी वाट. ती खालच्या तासाशी जेवढी कलली आहे, तेवढीच वरच्या तासाशी कलणार. तासं समांतर असताना तिला दुसरं काही करताच येत नाही. म्हणून खालचा डावा कोन वरही सापडतो, वाटेच्या डाव्या हाताला. उजव्या बाजूचंही तसंच. खालचा उजवा कोन वर, उजव्या हाताला. मधे राहिला त्रिकोणाचा वरचा कोपरा. असे तिघं वरच्या तासाला शेजारी शेजारी बसले. तास सरळ आहे. सरळ म्हणजे अर्धी भाकरी.

जमिनीवर काडीनं आकृती काढून हा उतारा पुन्हा एकदा वाचा. पहिल्या वाचनात कळला नाही तरी वाईट वाटू देऊ नका. ग्रीस देशात युक्लिड नावाचा पंडित सुमारे २३०० वर्षांपूर्वी होऊन गेला. त्यानंही हे समांतर रेषा काढूनच पटवलं आहे.

त्रिकोणांच्या जाती

ज्या त्रिकोणात एक कोपरा बरोबर चतकोराएवढा असतो, तो काटकोन त्रिकोण. अर्ध्या भाकरीतली चतकोर त्यानं घेतली. उरलेली चतकोर दोघांत. एकाला ६० अंश गेले तर दुसऱ्याला ३०.

एक कोपरा चतकोराहून मोठा असेल तर तो विशालकोन त्रिकोण. तिथं बाकीच्या दोघांना चतकोरही पुरती मिळत नाही. आणि तिन्ही कोपरे चतकोराहून लहान असतील तर लघुकोन त्रिकोण. इथं बरेच जण फसतात. एक लहान कोपरा दिसला की ‘लघुकोन’ म्हणून मोकळे होतात. तसं नाही. दोन लहान कोपरे तर प्रत्येक त्रिकोणात असतातच. तिन्ही लहान हवेत.

सांगा पाहू, एका त्रिकोणात दोन काटकोन बसतील का? दोन चतकोर दिल्या की अर्धी संपली. तिसऱ्याला काय देणार? तिसरा कोपराच नाही तर त्रिकोण कसला? मग एकात दोन विशालकोन बसतील का, हे तुम्हीच ठरवा.

बाजूंवरूनही नावं पडली आहेत. तिन्ही बाजू सारख्या तो समभुज. तिथं कुणीच कुणाहून मोठा नाही. मग १८० चे तीन सारखे वाटे, प्रत्येकी ६०. जगातल्या कुठल्याही समभुज त्रिकोणाचे कोन हेच. दोन बाजू सारख्या तो समद्विभुज. त्यात सारख्या बाजूंसमोरचे कोनही सारखे. छपराची कैची पाहा. आढ्यापाशी कोन १२० अंश असेल, तर उरले ६०. दोन्ही पाखी सारख्या लांबीच्या, म्हणून प्रत्येक टोकाला ३०. सुताराला तिन्ही कोन मोजावे लागत नाहीत. एक मोजला की पुरे. तिन्ही बाजू वेगळ्या तो विषमभुज. त्याचे तिन्ही कोनही वेगळे. त्यात एवढं ध्यानात ठेवायचं, की सगळ्यांत मोठ्या बाजूसमोर सगळ्यांत मोठा कोन असतो.

आपला १३, १४, १५ तुराट्यांचा त्रिकोण विषमभुज आहे. त्याचे कोन साधारण ५३, ६० आणि ६७ अंशांचे येतात. तिन्ही चतकोराहून लहान. म्हणून तो लघुकोनही आहे. एकाच माणसाला आडनावही असतं आणि धंद्याचं नावही असतं, तसं हे.

आता समभुज त्रिकोणाची एक गंमत. त्याला वरच्या कोपऱ्यापासून खाली सरळ, पायाच्या मधोमध कापा. दोन सारखे तुकडे झाले. प्रत्येकाचे कोन पाहा. खालचा ६० होता तो तसाच. वरचा ६० कापून ३० झाला. तिसरा मग ९०. आणि पायाही निम्मा झाला. म्हणजे या तुकड्यात ३० अंशांच्या समोरची बाजू लांब तिरक्या बाजूच्या बरोबर निम्मी असते. तुमच्या पोराच्या कंपासपेटीत दोन तिकोनी गुण्या असतात. त्यांतली लांबट गुण्या म्हणजे हाच तुकडा. दुसरीचे कोन ९०, ४५ आणि ४५. ती म्हणजे पाटी तिरकी कापून झालेला निम्मा चौरस.

त्या लांबट गुण्यानं मोठा इशारा दिला आहे. समजा, धाकट्याच्या रानाचा १३० फुटांचा बांध मधल्या बांधाशी ३० अंशांवर कलला असता. मग त्या रानाची खरी रुंदी किती भरली असती? निम्मी. फक्त ६५ फूट. चारी बांध तेवढेच, आणि जमीन निम्मी!

इथं चार सऱ्यांचा माग लागतो. तिरक्या बांधाची लांबी म्हणजे रानाची रुंदी नव्हे. रुंदी मोजायची तर दोरी बांधाशी काटकोनात धरावी लागते.

काटकोन कसा धरायचा

गवंडी पाया आखताना काय करतो ते पाहा. कोपऱ्यावर खुंटी ठोकतो. एका अंगाला ३ फुटांवर खूण करतो, दुसऱ्या अंगाला ४ फुटांवर. मग दोन खुणांमधलं अंतर मोजतो. ते बरोबर ५ फूट भरलं की कोपरा काटकोनात आला. कमी भरलं तर कोपरा मिटलेला आहे, जास्त भरलं तर फाकलेला आहे. लोखंडी गुण्या छोट्या कामाला ठीक. मोठ्या पायाला ३, ४, ५ ची दोरीच खरी. मोठ्या मापानं करायचं तर ३०, ४० आणि ५० फूट घ्या, चूक आणखी कमी होते.

ही युक्ती आपल्या देशात फार जुनी आहे. यज्ञाच्या वेदी आखण्यासाठी जे ग्रंथ लिहिले, त्यांना शुल्बसूत्रं म्हणतात. शुल्ब म्हणजे दोरी.

दोरीवरून आठवलं. सगळ्या हिंदुस्थानचा नकाशा त्रिकोणांनीच मोजला गेला. विल्यम लॅम्बटन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं १८०२ साली मद्रासजवळ हे काम सुरू केलं. आधी सपाट जमिनीवर एक सरळ रेघ साखळीनं फार काळजीनं मोजली. ती पहिल्या त्रिकोणाची एक बाजू. पुढं दर वेळी साखळी ओढायची गरज नव्हती. टेकडीवर, देवळाच्या शिखरावर खूण धरायची आणि मोठ्या यंत्रातून कोन पाहायचे. ते यंत्र सुमारे अर्धा टन वजनाचं होतं. एक बाजू आणि दोन कोन कळले की बाकीचं हिशेबानं निघतं. मग तिसरा कोन कशाला मोजायचा? तपासायला. तिन्हींची बेरीज अर्धी भाकरी आली नाही, तर कुठंतरी नजर चुकली. त्रिकोण फारच मोठा असला तर पृथ्वीच्या गोलाईमुळं बेरीज किंचित वाढते, तेवढी ते हिशेबात धरत. लॅम्बटन १८२३ साली याच कामावर असताना आपल्या वर्धा जिल्ह्यात हिंगणघाटला वारला. काम पुढं चालत राहिलं आणि हिमालयापर्यंत पोचलं. एव्हरेस्ट शिखराची उंची १८५० नंतरच्या दशकात काढली, ती अशीच कोन मोजून. त्या हिशेबाचं मोठं काम राधानाथ सिकदार या बंगाली गणितज्ञानं केलं. आता सरकारी मोजणीला उपग्रहाचा संकेत पकडणारी यंत्रं आली आहेत. पण आपल्याला दोन भावांच्या रानाला एवढी यंत्रं नकोत. दोरी पुरे.

चार सऱ्या सापडल्या

गावातला एक गवंडी दोघांच्याही ओळखीचा होता. धाकट्याच्या बायकोनं त्याला सांगितलं, “गवंडीदादा, एकदा तुमची दोरी आमच्या रानात धरा. चोर कोण ते तरी कळू दे.” थोरलाही म्हणाला, “धरा. मलापण बघायचंय.”

गवंडी आधी थोरल्याच्या तुकड्यात गेला. या कोपऱ्यापासून त्या समोरच्या कोपऱ्यापर्यंत त्यानं दोरी धरली. अशा तिरक्या रेघेला कर्ण म्हणतात. १९१ फूट भरले. मग दुसरे दोन कोपरे घेतले. तेही १९१. समोरासमोरचे बांध सारखे आणि दोन्ही कर्णही सारखे, म्हणजे चारी कोपरे काटकोनात. हा तुकडा सरळ आहे.

मग खालचा तुकडा. एक कर्ण १५० फूट भरला. दुसरा जवळजवळ २२५.

“एवढा फरक?” धाकटा म्हणाला.

“रान कललंय बाबा,” गवंडी म्हणाला. “चौकट ढकलावी तसं.”

आता १५० फुटांच्या कर्णानं खालच्या तुकड्याचे दोन त्रिकोण झाले. प्रत्येकाच्या बाजू १३०, १४० आणि १५० फूट. तुराट्यांचा त्रिकोण आठवला ना? तोच, फक्त मोठा. कोन तेच, ५३, ६० आणि ६७. म्हणजे ओढ्याकडचा कोपरा ९० च्या जागी साधारण ६७ अंशांचा आहे.

गवंड्यानं मधल्या बांधावर काटकोन धरून पलीकडच्या बांधापर्यंत दोरी नेली. १२० फूट भरले. ही खरी रुंदी. १२० फुटांत अडीच फुटांच्या सऱ्या ४८ बसतात. थोरल्याकडं १३० फुटांत ५२. चार सऱ्या सापडल्या!

क्षेत्र काढू. त्रिकोणाचं क्षेत्र म्हणजे पाया गुणिले उंची, त्याचं निम्मं. १४० गुणिले १२० म्हणजे १६,८००. त्याचं निम्मं ८,४००. असे दोन त्रिकोण, म्हणून धाकट्याचं रान १६,८०० चौरस फूट. थोरल्याचं १४० गुणिले १३०, म्हणजे १८,२०० चौरस फूट. गुंठा १,०८९ चौरस फुटांचा असतो. धाकट्याकडं साडेपंधरा गुंठ्यांनाही थोडं कमी, थोरल्याकडं पावणेसतराच्या आसपास. फरक सव्वा गुंठ्याहून जास्त.

हाच १३, १४, १५ चा त्रिकोण भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ या ग्रंथात आहे. पाया १४, उंची १२, क्षेत्र ८४. भास्कराचार्यांचा जन्म १११४ सालचा, ग्रंथ ११५० चा. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण इथं त्यांच्या नातवानं त्यांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला होता. त्याचा शिलालेख तिथं आहे. लीलावतीत ते या विषयावर चांगलेच चिडलेले दिसतात. चौकोनाच्या नुसत्या चार बाजू सांगून, कर्ण किंवा लंब न सांगता, नेमकं क्षेत्र विचारणाऱ्याला ते पिशाच म्हणतात. आणि उत्तर द्यायला बसणारा तर त्याहून मोठा पिशाच! आम्हाला वाटतं, त्यांच्या काळीही कुठंतरी दोन भाऊ असेच भांडले असतील.

अजूनही पुष्कळ ठिकाणी समोरासमोरच्या बांधांची सरासरी काढून गुणाकार करतात. रानाचे चारी कोपरे काटकोनात असतील तर तो हिशेब बरोबर येतो. नसतील तर क्षेत्र नेहमी जास्तच दिसतं, कमी कधीच दिसत नाही. म्हणजे त्या मापानं जमीन घेणारा हटकून नुकसानीत. प्लॉट घेताना, रान खंडानं घेताना आधी दोन्ही कर्णांवर दोरी धरा. मग बोला.

आता दोघा भावांचं. धाकटा म्हणाला, “दादा, मग माझ्या चार सऱ्या मला दे.”

थोरला देणारही होता. पण धाकट्याची बायको बोटं मोजत उभी होती. ती म्हणाली, “चार दिल्या तर भाऊजींच्या ४८ राहतील आणि आपल्या ५२ होतील. मग उद्या ते आपल्याकडं भांडायला येतील. दोन द्या म्हणावं.”

गवंड्यानं हिशेब ताडून पाहिला. बांध ५ फूट वर सरकवायचा. थोरल्याचं रान १४० गुणिले १२५, म्हणजे १७,५०० चौरस फूट. धाकट्याकडं १६,८०० अधिक ५ फुटांच्या पट्टीचे ७००, म्हणजे तेही १७,५००. सऱ्या पन्नास आणि पन्नास.

उभा ऊस मोडून बांध घालणं बरं नव्हतं. त्या साली बांधाजवळच्या दोन सऱ्यांचा ऊस थोरल्यानं तोडला आणि धाकट्याच्या गाडीत टाकला. खोडव्याच्या आधी दोघांनी मिळून जुना बांध फोडला, गवंड्यानं दोरी धरली आणि नवा बांध पाच फूट वर घातला. दोन्ही जावा माती ओढायला होत्या.